शेवटच्या कडव्यातलं नाव

ऑटो माझ्या दारावरून गेला तेव्हा मी ओट्यावर बसून तूर पाखडत होते, आणि ऑटोच्या भोंग्यात मीच गात होते.

पंचायत समितीची निवडणूक होती. गाणं प्रचाराचं. रस्ता केला, नळ आणला, शाळेला खोली बांधली, निवडून द्या प्रशांतरावांना. आवाज माझा. पण आजचा नाही. आज माझा आवाज फुटक्या डब्यासारखा लागतो. समोरचे दात पडले तेव्हाच अर्धी अक्षरं त्यांच्यासोबत गेली. भोंग्यातला आवाज तिशीतला होता. काळी चारमधला. काळी चार म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. बाईमाणसानं तिथून उघड्या गळ्यानं गायचं तर हवा पोटातून काढावी लागते.

शेजारची कौसा भिंतीवरून डोकावली.

"पंचफुला, कधी गायलं व हे?"

"म्या नाई गायलं."

"मंग भोंग्यात कोन हाय, तुही सवत?"

"मले काय माईत!"

"माय व! बुढी गाऊन इसरली बाप्पा."

मी तिला उत्तर देणार होते. तेवढ्यात शेवटचं कडवं आलं. "देवमन म्हणे, ऐका हो जन, प्रशांतरावांना द्या हो मन." मी सूप खाली ठेवलं.

देवमन माझा नवरा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. तो गवंडी होता. दिवसा भिंती बांधायचा आणि भिंत बांधता बांधता गाणं बांधायचा. आमची गायन पार्टी होती. गायन पार्टी म्हणजे एक मुख्य गायक, एक पेटी, एक ढोलकी, एक बुलबुल बँजो आणि मागे कोरस धरणारे दोघं-तिघं. जयंती, लग्न, नामकरण, विहाराचं उद्घाटन, कोणी वारलं तर पुण्यानुमोदन, असे प्रोग्राम करायचो. भीमगीतं गायचो. गाणारी मी, लिहिणारा देवमन. मी चौथी शिकले. तो तर तिसरीतूनच गाऱ्याच्या घमेल्याकडे गेला. पण जन-मन असलं आयतं यमक त्यानं आयुष्यात कधी जोडलं नाही. असं यमक कोरसवाल्यानं सुचवलं तर म्हणायचा, "हे तं रस्त्यावर पडलेलं हाय, कोनीबी उचलन."

आता कडव्यातल्या नावाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात गाण्याच्या शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव असतं. त्याला आम्ही छाप म्हणतो. दुसऱ्याचं गाणं कोणीही गावं, पण छाप बदलायची नाही. छाप म्हणजे सही. मधल्या कडव्यात जे जे सांगितलं ते मी सांगितलं, चुकलं तर मला धरा, असा त्याचा अर्थ.

एकदा इंझोरीला सामना होता. सामना म्हणजे दोन पार्ट्या, समोरासमोर दोन स्टेज, एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातून जवाब द्यायचा. समोरच्या पार्टीनं देवमनचं गाणं घेतलं आणि शेवटी स्वतःच्या कवीचं नाव घातलं. देवमननं पेटी बंद केली. माईकवर फक्त एवढं विचारलं, "हे कोनं लिवलं?" छापेचा सवाल असाच विचारायचा असतो, स्टेजवर, लोकांसमोर. मागून भांडायचं नाही, घरी जाऊन शिव्या द्यायच्या नाहीत. ज्याला जवाब देता आला नाही त्यानं स्टेज सोडायचं. त्या कवीनं स्टेज सोडलं. उतरून आमच्याकडेच आला आणि देवमनच्या शेजारी बसून त्यानं चहा घेतला. पुढे दोघं एकाच एसटीनं परत आले, एकाच बाकावर, मांडीवर आमची पेटी घेऊन. तेव्हाची भांडणं अशी होती.

म्हणजे नाव कापणं आम्ही पाहिलं होतं. पण स्वतःच्या गाण्यावर मेलेल्या माणसाचं नाव घालायचं, ही उलटी चोरी मी पहिल्यांदा पाहत होते.

आणि घातलं ते कशावर? देवमननं निवडणुकीचं गाणं कधीच लिहिलं नाही. विचारायला पुष्कळ आले. एक पुढारी जीप घेऊन दारात आला होता. देवमन तेव्हा आमच्याच न्हाणीची भिंत बांधत होता. हातातली थापी खाली न ठेवता त्याला म्हणाला, "साहेब, मत पायजे तं मागा. मत पाच वर्सानं फिरवता येते. गानं फिरवता येत नाई. लोकाच्या तोंडात बसलं म्हंजे बसलं." आमच्या वस्तीत तेव्हाही तीन झेंडे होते, आजही आहेत. तिघं एकमेकांच्या मांडवात जात नाहीत. आमची पार्टी तिन्ही मांडवांत जायची. आम्ही कोणाचे नव्हतो म्हणून सगळ्यांचे होतो. आमचा धंदा त्यावरच चालला.

त्याच दिवशी अकोल्याहून मुलीचा फोन आला. सुजाता तिथे दवाखान्यात नर्स आहे.

"आई, तुझा व्हिडिओ आला ग्रुपवर. तू कशाला गायलीस त्यांच्यासाठी? आणि बाबांचं नाव?"

"म्या नाई गायलं."

"अगं, आवाज तुझा आहे. ती ओळ मध्येच तुटते ना, तेसुद्धा तुझंच आहे."

मी तिला व्हिडिओ फोनमध्येच पुन्हा वाजवायला लावला. खरंच, ओळ मध्येच तुटत होती. त्याचं असं आहे. आमची एकच कॅसेट निघाली. अकोल्याला एका माडीवर रेकॉर्डिंग झालं. भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या, पंखा बंद करून ठेवला होता, कारण पंख्याचा आवाज टेपमध्ये येतो. मला सातवा महिना होता. लांब ओळ एका दमात जात नव्हती. मध्येच थांबून दम घ्यावा लागायचा. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, पुन्हा घेऊ. देवमन म्हणाला, राहू द्या, पोटातलं धरून तिघं गात आहोत, एवढं तर होणारच. कॅसेट जयंतीच्या स्टॉलवर खपली. लोकांना वाटलं ती माझी लकब आहे. पुढे पोरी मुद्दाम तशी ओळ तोडून गायला लागल्या.

मशीननं तो दमही उचलला होता. रस्ता केला, दम, नळ आणला, दम.

"सुजाता," मी म्हटलं, "ते तू पोटात होती म्हून तुटते."

तिनं व्हिडिओ बंद केला. मग म्हणाली, "आई, हे एआयचं काम आहे. पोलिसांकडे जा."

मी लगेच गेले नाही. मला वाटलं, चार दिवसांची निवडणूक, ऑटो जाईल, गाणंही जाईल. पण दुसऱ्या दिवशी गौतम आला. गौतम आमच्याच वस्तीतला, त्याचे वडील नुकतेच वारले होते. पुण्यानुमोदनाला मी गावं असं त्यानंच सांगून ठेवलं होतं. आता पार्टी राहिली नाही, मी आणि ढोलकीवाला किसन, आम्ही दोघंच जातो. दुःखाच्या घरी एवढं पुरतं. माझ्या आवाजातलं बाकी सगळं गेलं, पण अशा घरी चालेल इतका उरला आहे.

गौतम उभ्याउभ्याच बोलला. "आजी, गान्याचं राहू द्या यावेळेस."

"काहून?"

"घरात दोन गट हायत. काका म्हनते, ते बाई आता प्रशांतरावाची झाली. उगी मयताच्या घरी वाद कायले?"

"म्या ते गायलं नाई, गौतम."

"मी कुठं म्हनलो गायलं म्हून? पन गावभर वाजून राह्यलं ना. नाव तं आबाचंच हाय त्यात." देवमनला तो आबा म्हणायचा.

तो वाईट मुलगा नाही. त्याच्या नामकरणात मी गायले होते. पण तो गेला तेव्हा मला कळलं की हे गाणं चार दिवसांत जाणार नाही. आम्ही दोघांनी जन्मभर जे एक सांभाळलं, कोणा एकाचं न होणं, ते जाणार.

मी किसनला घेऊन तालुक्याच्या ठाण्यात गेले. किसन माझ्याहून वयानं मोठा. एका कानानं ऐकतो, पण ढोलकी दोन्ही हातांनी वाजवतो, असं स्वतःच सांगत फिरतो.

ठाण्यात साहेब बाई होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काय चोरीला गेलं, मावशी?"

"आवाज."

शेजारी लिहीत बसलेला हवालदार हसला. "आवाज गेला तं आता कशानं बोलून राह्यल्या?"

"हा उरलेला हाय. चांगला होता तो नेला."

मॅडमनी मोबाईलवर गाणं ऐकलं. पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "हा आवाज तुमचा आहे?"

"हाव."

"म्हणजे तुम्ही गायलात."

"नाई. आवाज माहा हाय. गायली मी नाई."

"आवाज तुमचा, पण गायल्या तुम्ही नाही. हे मी लिहू कसं?"

किसननं मान पुढे काढली. "मॅडम, असं लिवा, गाय इची हाय, पन धार दुसऱ्यानं काढली."

मॅडम हसल्या, मग त्यांनी समजावून सांगितलं. जुन्या गाण्याचे तुकडे मशीनला ऐकवले की मशीन तो आवाज शिकते. मग तिला लिहून द्याल ते ती त्या आवाजात म्हणते. कायद्यात फसवणुकीला कलम आहे. तोतया बनून वावरण्यालाही आहे. ते इथे कुठवर लागू होतं ते पाहावं लागेल, कारण तोतया म्हटला की एक माणूस दाखवावा लागतो, आणि इथे गाणारा माणूसच नाही.

"आन् मह्या मानसाच्या नावाचं काय?" मी विचारलं.

"त्यांच्या नावाबद्दल त्यांनी तक्रार…" एवढं बोलून मॅडम स्वतःच थांबल्या. "माफ करा, मावशी. सवयीनं बोलले."

"होते असं."

त्यांनी तक्रार घेतली. जिल्ह्याला सायबरवाल्यांकडे पाठवते म्हणाल्या. निवडणुकीच्या साहेबांनाही कळवते म्हणाल्या.

"मतदानाच्या आंदी होईन?"

"खोटं सांगत नाही. होणार नाही."

मला ती बाई आवडली. खोटं न सांगणारं सरकारी माणूस मी फार पाहिलेलं नाही.

ठाण्यातून निघालो ते आम्ही मेडशीला उतरलो. तिथे प्रशांतरावांचं प्रचाराचं ऑफिस होतं, एका मोकळ्या गाळ्यात. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, उपरण्यांचे ढीग, चहाचे कागदी कप. प्रशांतराव शेजारच्या गावचे, बागायतदार घरातले. वय चाळिशीचं. मला पाहून उठले आणि पाया पडले. त्यांना वाटलं मी आशीर्वाद द्यायला आले.

"आजी, गाणं ऐकलं ना? आमच्या बाबांना तुमची कॅसेट फार आवडायची. गाडीत तीच लावत."

"ऐकलं. कोनं केलं?"

त्यांनी कोपऱ्यातल्या विकी नावाच्या माणसाकडे बोट दाखवलं. तो इंजिनिअर, मोबाईलवरचा सगळा प्रचार त्याच्याकडे. त्याच्यासमोर लॅपटॉप होता.

"कॅसेट कोणीतरी इंटरनेटवर टाकलेली आहे, आजी. तिथून आवाज घेतला. फार क्लिअर आहे. कुठं रेकॉर्ड केलं होतं?"

"ते जाऊ दे. देवमनचं नाव काहून घातलं?"

तो गोंधळला. त्याला खरंच कळेना की मी काय विचारते आहे. "तुमच्या सगळ्याच गाण्यांत शेवटी ते नाव आहे. आम्ही आधी नव्हतं घातलं. पण ऐकल्यावर गाणं अर्धवट वाटायला लागलं. ओरिजिनल वाटेना. मग घातलं."

यात खोट नव्हती. आमच्या भागात ज्यानं लहानपणी जयंतीचे भोंगे ऐकले त्याला छापेशिवाय गाणं संपल्यासारखंच वाटत नाही. त्यानं कान लावून ऐकलं होतं. फक्त ते नाव एका माणसाचं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"काढा ते," मी म्हटलं.

प्रशांतराव म्हणाले, "आजी, राग मानू नका. आम्ही मान म्हणूनच लावलं. तुमचा सत्कार करू. मानधन देऊ. आणि गाणं आता सगळ्यांच्या मोबाईलवर गेलंय. मागं कसं घेणार?"

मी जायला वळले. मग तेच म्हणाले, "परवा तुमच्या गावात सभा आहे. स्टेजवर याल का? दोन शब्द बोलाल?"

"येतो," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर किसननं मला धरलं. "येडी झाली काय? स्टेजवर चढली म्हंजे झाली तू त्यायची! फोटो निंगते तिथं!"

"किसन, छापेचा सवाल कुठं इचारतेत?"

तो चालता चालता थांबला. मग म्हणाला, "ढोलकी आनू काय?"

"आन."

सभा संध्याकाळी विहारासमोरच्या चौकात होती. गर्दी चांगली होती, कारण उमेदवारापेक्षा मी येणार याची जास्त चर्चा झाली होती. गौतम मागे झाडाखाली उभा होता. पुढे आमच्या काळातली म्हातारी माणसं, ज्यांनी सामने ऐकले. मला हात धरून स्टेजवर चढवलं, गुडघ्यांमुळे. सूत्रसंचालकानं मला काय काय पदव्या दिल्या. एवढ्या तर जिवंतपणी कोणाला देऊ नयेत.

माईक हातात आला. कित्येक वर्षांनी एवढ्या लोकांसमोर माईक हातात आला होता. हाताला त्याचं वजन ओळखीचं वाटलं. पूर्वीचे माईक जड असायचे, हा हलका होता, तरी हात त्याच जागी गेला, हनुवटीच्या खाली चार बोटं. मी बोलायला लागले तर मागून एक पोट्टं ओरडलं.

"आवाज नाई येऊन राह्यला! ओरिजिनल लावा!"

लोक हसले. साउंडवाल्याला वाटलं हुकूमच आहे. त्यानं गाणं लावलं.

मी तिथेच उभी राहिले आणि माझ्या डोक्यावरच्या भोंग्यातून मी गायला लागले. काही खोटं सांगत नाही, मी ऐकलं. आमच्या घरचा टेप केव्हाच बिघडला. हा ऑटो येण्याआधी तीस वर्षं मी तो आवाज ऐकलेला नव्हता. शब्द रस्त्या-नळाचे होते, पण मधला तो दम आला की मला अकोल्याची माडी दिसायची, गाद्या ठोकलेली भिंत, घामानं भिजलेला देवमन, पेटीवर वाकलेला. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. नळाच्या गाण्यावर.

मग शेवटचं कडवं आलं. देवमन म्हणे.

मी हात वर केला. किसननं ढोलकीवर एकच थाप मारली, सामन्यात सवालाच्या आधी मारतात तशी. साउंडवाल्यानं गाणं बंद केलं.

"मी गायला नाई आली," मी म्हटलं. "इचारायला आली. हे गानं कोनं लिवलं?"

प्रशांतराव हसत उठले. "आजी, आमच्या विकीनं केलं."

विकी खाली स्पीकरजवळ होता. त्यानं हात हलवले. "मी फक्त विषय दिला. लिहिलं एआयनं."

"तो कोन्या गावचा?"

लोक हसले. विकीही हसला. "आजी, ते माणूस नाही. मशीन आहे."

"बरं. मंग शेवटी 'मशीन म्हणे' घाला."

आता मोठं हसू उठलं. प्रशांतरावही हसले, पण आधीपेक्षा कमी. "आजी, असं कसं गाणं होईल? मशीन म्हणे!"

"मंग तुमचं नाव घाला. गानं तुमचं हाय. 'प्रशांत म्हणे, प्रशांतरावाले मत द्या.'"

"स्वतःचंच कौतुक स्वतःच्या तोंडानं कसं करू, आजी? बरं दिसतं का?"

"नाई दिसत. म्हून मेलेल्याच्या तोंडानं केलं काय?"

हसू थांबलं. प्रशांतरावांनी विकीकडे पाहिलं. पुढच्या रांगेत ज्ञानबा बसले होते, देवमनसोबत कोरस धरायचे. ते काठीवर उठले. "सवाल बराबर हाय. जवाब द्या."

मागून आणखी एक जुना आवाज आला. "जवाब नसन तं स्टेज सोडा!"

नव्या पोरांना हे काय चाललं आहे ते कळलं नाही. जुन्यांना कळलं. प्रशांतरावांना नियम माहीत नव्हता, पण ते पुढारी आहेत, लोकांचे चेहरे त्यांना वाचता येतात. त्यांनी हात जोडले.

"देवमनरावांचं नाव आम्ही न विचारता घातलं. ते कडवं आजच काढतो. त्यांनी कोणा उमेदवारासाठी गाणं लिहिलं नव्हतं, हे मी इथं सांगतो."

एवढं मला पुरे होतं. पण विकीनं खालून विचारलं. त्या पोराला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "आजी, आवाजही काढायचा का? मग गाणंच राहत नाही."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. किसन खुणा करत होता, काढ म्हण. मी म्हटलं, "आवाज राहू दे. नाव काढा."

किसन यावरून माझ्याशी कितीतरी दिवस भांडला. मला त्याला नीट सांगता आलं नाही, इथे सांगते. आवाज मी कमावलेला होता हे खरं, पण आवाज पैसे घेऊन लग्नात, नामकरणात, जिथे बोलावलं तिथे दिला. तो देण्याचीच वस्तू होती. नाव तसं नाही. नाव म्हणजे माणूस स्वतः उभा आहे. देवमन आता उठून सांगू शकत नव्हता की हे मी म्हटलं नाही. मी माझं सांगू शकते. आणि दुसरं कारणही होतं. ऑटो अजून चार दिवस फिरणार होता. मला तो ऐकायचा होता.

दुसऱ्या दिवशी ऑटो आला. शेवटचं कडवं कापलेलं होतं. गाणं मध्येच थांबल्यासारखं वाटायचं, जसं कोणी बोलता बोलता उठून गेलं. मी तूर पाखडणं थांबवून ऐकायची. कौसा भिंतीवरून म्हणायची, "घे, आली तुही सवत." मी म्हणायची, "गाऊ दे तिले. मह्यापेक्षा बरी गाते."

गौतम सभेनंतरच घरी आला. बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "आजी, रविवारी या." त्याच्या काकांनीही काही म्हटलं नाही. मी आणि किसन गेलो. माझा आवाज दोनदा बसला. दुःखाच्या घरी कोणी त्याकडे लक्ष देत नाही.

प्रशांतराव पडले असते तर सांगायला गोष्ट चांगली झाली असती. ते निवडून आले. मी कोणाला मत दिलं ते सांगणार नाही. कडवं असलेलं गाणंही काही मोबाईलवर अजून आहे, आणि सभेचा व्हिडिओही आहे. ज्याला जे पाहायचं ते तो पाहतो. अलीकडे माझ्या आवाजात कोणीतरी खताची जाहिरातही केली. त्यात माझी दम घेण्याची जागा चुकलेली आहे, पण खत बरं असावं.

लोक मला विचारतात, आजी, ही मशीन वाईट ना? मला तसं वाटत नाही. आम्ही पहिल्यांदा माईकवर गायलो तेव्हा आमचे गुरुजी म्हणाले होते, आता गळे मरतील. गळे मेले नाहीत. कॅसेट आली तेव्हा म्हणाले, प्रोग्राम बंद होतील. उलट वाढले. मशीन येते आणि राहते. माझं म्हणणं कायदा करणाऱ्यांना आहे. तुम्ही मोठमोठे कागद लिहिता, त्यात एक ओळ आमची घाला. जो कोणी मशीनकडून गाणं, भाषण, चित्र काय ते करून घेईल, त्यानं शेवटी स्वतःचं नाव घालावं. चुकलं तर मला धरा म्हणावं. आमच्या पार्टीत तिसरी शिकलेल्या माणसाला हे जमत होतं.

तक्रारीचं सांगायचं राहिलं. निवडणूक होऊन गेल्यावर पुष्कळ दिवसांनी जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन आला. आवाजाचा नमुना द्यायला या. मी गेले. काचेच्या खोलीत बसवलं, समोर माईक ठेवला, भोंग्यातल्या गाण्याच्याच ओळी वाचायला लावल्या, मग गायला लावल्या. मी जमेल तशी गायले. तिथला पोरगा भला होता, मध्ये पाणी देत होता. त्यानंतर आणखी काही महिन्यांनी ठाण्यातल्या त्याच मॅडमनी बोलावून घेतलं.

"मावशी, रिपोर्ट आला. तुमच्या बाजूनं आहे. गाण्यातला आवाज तुमच्या आवाजाशी जुळत नाही. म्हणजे ते तुम्ही गायलेलं नाही, हे सिद्ध झालं."

"मंग तो आवाज कोनाचा हाय?"

मॅडमनी कागद पुन्हा पाहिला. "कोणाचा ते लिहिलेलं नाही. तुमचा नाही, एवढंच."

मी सही केली आणि दुपारच्या एसटीनं घरी आले. माझी तक्रार खरी ठरली. आता कायद्यानं मी ते गाणं गायले नाही, आणि कायद्यानं तो आवाजही माझा नाही. ज्यांना गळा आहे त्यांना माझा सल्ला एवढाच. आवाज चांगला आहे तोवरच ठाण्यात जाऊन नमुना देऊन ठेवा. माझ्यासारखं म्हातारपणी गेलात तर जुळत नाही.